ठकूबाईच्या भट्टीचा विस्तव

कवठसावळी हे दीडशे उंबऱ्यांचे गाव. पाणी बेताचे, देवळे दोन आणि भांडणे मात्र रोजची. अशा या गावाचेही भाग्य एकदा उजाडले. एका उन्हाळ्यात श्री गोणपाटबाबा महाराज कुठूनसे चालत आले, ओढ्याकाठच्या महादेवाच्या ओवरीत टेकले आणि तिथेच राहिले. कमरेला लंगोटी आणि खांद्यावरून पांघरलेले एक गोणपाट, एवढाच त्यांचा संसार. कुणी भक्ताने शाल पांघरली, तर ती संध्याकाळपर्यंत एखाद्या म्हाताऱ्याच्या अंगावर दिसे. गोणपाट मात्र कायम त्यांच्याचपाशी राहिले. "हे कुणी मागत नाही, म्हणून टिकलंय," असे म्हणून महाराज हसत.

भाविकहो, महाराजांच्या लीला सांगायला बसलो तर श्रावण पुरायचा नाही. आज एकच सांगतो. हिच्यात मेलेला कुणी उठून बसला नाही की आकाशातून फुले पडली नाहीत. एक विस्तव विझायचा तो विझला नाही, एवढीच गोष्ट आहे. पण ती मन लावून ऐका.

गावाच्या वेशीपाशी ठकूबाई भडभुंजीण राहत होती. चणे, फुटाणे, ज्वारीच्या लाह्या भाजून द्यायच्या आणि त्यावर पोट भरायचे, हा तिचा धंदा. नवरा ऐन उमेदीत पटकीने गेलेला. मूलबाळ झाले नाही, माहेरही पुसले गेले, आणि पाठीला भाऊ तर देवाने दिलाच नव्हता. एक खोपट, पुढे पडवी आणि पडवीत मातीची भट्टी. भट्टीवर वाळू भरलेले मोठे खापर आणि खाली अगदी जमिनीलगत भट्टीचे तोंड. त्यातून भुसकट आत सारायचे, त्यातूनच विस्तव बाहेर ओढायचा. तोंड इतके खाली की तिथे हात घालायचा तर पाटलालाही गुडघे टेकून मान जमिनीपर्यंत न्यावी लागे.

महाराज गावात आले त्याच वर्षी ठकूबाई त्यांच्यापुढे जाऊन बसली. तिला म्हणायचे होते पुष्कळ, पण ते थोडक्यात निघाले. "म्हाराज, मला वाचता येत न्हाई. पोथी ऐकली तर झोप येती. उपास करावा म्हटलं तर तो न मागताच घडतोय. मला झेपंल असं कायतरी द्या."

महाराजांनी तिचे भाजून काळे पडलेले हात पाहिले. "तुझ्याजवळ काय आहे?"

"भट्टी हाय."

"मग तिचा विस्तव विझू देऊ नकोस. आणि मागायला येईल त्याला नाही म्हणू नकोस. जा."

खरे सांगायचे तर ठकूबाईचे तोंड जरा पडलेच. कानात मंत्र मिळेल, गळ्यात माळ पडेल, अशी तिची आशा होती. आणि हे काय नवीन होते? त्या काळी आगकाडी कुणी पाहिली नव्हती. रात्री चूल विझवायची नाही, निखारे राखेखाली झाकून ठेवायचे आणि ज्याचे विझले त्याने सकाळी गोवरीचा तुकडा घेऊन शेजारी जायचे, ही साऱ्या गावाची रीत होती. सगळे जे करतात तेच महाराजांनी तिला नेम म्हणून दिले.

पण बाबांनो, सोपा नेम पाळून बघा एकदा! अवघड नेमाला निदान लोक नावाजतात. ठकूबाईने हा नेम नऊ वर्षे चालवला. तापाने फणफणली तेव्हा भिंत धरून भट्टीपाशी गेली आणि राख सारखी केली. एकदा शेजारची भागू तिच्याशी सकाळी कडाकडा भांडली आणि संध्याकाळी गोवरी पदराआड लपवून दारात उभी राहिली. ठकूबाईने मुकाट्याने विस्तव दिला. बोलली मात्र आठ दिवसांनी. तीही माणूसच होती. रोज सकाळी पहिला विस्तव ती एका लहान खापरात घालून महाराजांच्या धुनीला नेई आणि मगच आपले खापर तापवी. नागचवथीला सगळ्या बायका भावासाठी उपास धरतात. हिला भाऊ नाही, म्हणून ही महाराजांच्या नावाने धरायची. हे तिने कुणाला सांगितले नव्हते, खुद्द महाराजांनाही नाही.

नवव्या वर्षी गावात आगपेटी आली. आणली त्रिंबकराव मोकाशींनी. मोकाशी म्हणजे गावचे मोठे घर. चौसोपी बांधणी, ओसरीवर सागवानी झोपाळा, डोक्याला जरीकाठी पागोटे. माणूस दानधर्माला हात आखडणारा नव्हता, पण दिलेले चारचौघांत दिसावे अशी त्यांची हौस. आणि घेण्याचे नाव निघाले की अंगावर पाल पडल्यासारखे करत. मोकाशी कुणाचे काही घेत नाहीत, हे त्यांचे पालुपद गावाला पाठ झाले होते. शहरातून त्यांनी आगपेट्यांचा खोकाच आणला आणि घरोघर एकेक वाटली. काडी ओढली की भप्पकन जाळ! पोरेबाळे जमा झाली, म्हाताऱ्यांनी तोंडात बोटे घातली. महिन्याभरात गावाने राखेत निखारे झाकणे सोडून दिले. कशाला उठाठेव? ठकूबाईच्या दारात सकाळी दहा-बारा गोवऱ्या यायच्या, त्या दोनावर आल्या आणि मग एकही येईना.

ठकूबाईला ते लागले. विस्तव देताना दोन शब्द व्हायचे, कुणाची सून कशी, कुणाच्या म्हशीने दूध का चोरले, सगळे तिला दारात कळायचे. आता दिवस दिवस तोंड मिटून जायचा. पण तिने भट्टी विझू दिली नाही. कुणी मागायला येत नाही हा काही विझवायला सांगावा नव्हे, असे ती स्वतःशी म्हणायची आणि भुसकट सारायची.

एका सोमवारी ती नेहमीप्रमाणे विस्तवाचे खापर घेऊन ओवरीत आली. चार मंडळी बसली होती, त्यांत मोकाशी होते. ठकूबाई धुनीपाशी वाकली, तोच त्यांनी खिशातून पेटी काढून काडी ओढली आणि तिच्या आधी धुनी पेटवून दिली. मंडळी हसली. मोकाशींना चेव आला. नऊ वर्षे राखेत तोंड घालून हिने काय मिळवले, हिचा देव तर आता एका पेटीत मावतो, असे काहीबाही ते बोलत राहिले. ठकूबाई खापर हातात धरून उभी. निखाऱ्याची धग बोटांना लागत होती, तरी तिला ते खाली ठेवायचे सुचेना.

"तुझ्या भट्टीपुढं सारं गाव नाक घासत होतं, ठके," मोकाशी म्हणाले. "आता ते संपलं. माझ्या घरचं माणूस विस्तवासाठी तुझ्या दारात आलं, तर मी डोक्याला पागोटं बांधणार नाही. देवळात बसून सांगतो."

महाराजांनी हात पुढे करून मोकाशींच्या बोटातली जळकी काडी मागून घेतली, निरखून पाहिली. "पेटते झकास," महाराज म्हणाले. "उद्या हीच पुन्हा पेटवून दाखव."

मोकाशींना वाटले, साधूबाबा भोळे आहेत. जळलेली काडी कुठे पेटते का, असे म्हणून ते हसले. महाराजही हसले आणि ती काडी त्यांनी ओवरीच्या कोनाड्यात जपून ठेवली. मग ठकूबाईच्या हातातले खापर घेऊन पेटत्या धुनीत तिचा निखारा हळूच सारला. "रोज आणत जा," एवढेच तिला म्हणाले.

पुढे आषाढ सरत आला. त्या साली श्रावणाच्या तोंडावर जी झड बसली, ती सुटायचे नाव घेईना. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. सूर्य दिसेना, कपडे वाळेनात, भिंतींना हात लावला तर हात ओला. चुली धुरकटू लागल्या. काडीने पेटवायचे, ओल्या गोवऱ्यांनी विझवायचे, पुन्हा काडी ओढायची, असे घरोघर चालले. काड्यांची गुले भिजलेल्या भातासारखी मऊ झाली. मोकाशींचा खोका देवघराच्या कोनाड्यात होता. देवाजवळ तो सुखरूप राहील असे त्यांना वाटले होते, पण त्याच भिंतीला बाहेरून पागोळ्या लागत होत्या.

ठकूबाईच्या पडवीचे छप्पर पाचव्या दिवशी एका बाजूने बसले. भुसकटाची तीन पोती होती, त्यातली दोन भिजून चिखल झाली. तिसरे तिने खोपटात आपल्या अंथरुणाच्या जागी ठेवले आणि स्वतः बसल्या बसल्या डुलक्या घेतल्या. भट्टीवर घमेले पालथे घातले, भोवती मातीचा बांध केला, मूठ मूठ भुसकट घालत राहिली. पंचमीच्या लाह्यांसाठी ज्वारी ओलवून मडक्यात तयार होती, पण खापर तापवण्याइतके सरपणच नव्हते. विस्तव तेवढा जगवायचा. आता हट्टच पेटला होता तिचा. गाव हसले तर हसू दे, मोकाशी बोलले तर बोलू दे, नऊ वर्षांचा नेम पावसाला द्यायचा नाही.

सातव्या दिवशी नागचवथ उजाडली. पहाटे पाणी बांध फोडून भट्टीत शिरले. ठकूबाईने दोन्ही हातांनी राख उपसली, विझलेले कोळसे बाजूला केले, तेव्हा खाली एकच निखारा जिवंत सापडला, लिंबाएवढा. भुसकट संपलेले. कोरडी म्हणावी अशी एकच गोवरी उरली होती, ती तिने पोटाशी धरून ठेवली होती. निखारा कोरड्या राखेत पुरला तर संध्याकाळपर्यंत निभेल, तोवर पाऊस उघडेल, असा तिने हिशेब केला. गावात त्या दिवशी बायकांचा उपास, सकाळी चुली पेटवायची घाई कुणालाच नव्हती. म्हणून महाराजांची धुनीही विझून साऱ्या गावात हा एकच विस्तव उरला आहे, हे कुणाच्या ध्यानातही आले नव्हते.

इतक्यात दारात कुणी उभे राहिले. ठकूबाईने वर पाहिले आणि चटकन पदर सावरला. मोकाशींच्या पत्नी आईसाहेब, डोक्यावर इरले नाही, पायात वहाण नाही, लुगडे अंगाला चिकटलेले. हातात गोवरीचा ओला तुकडा.

त्यांची लेक वेणू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आठव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या आणि पहाटे मुलगा झाला. एवढासा जीव, ओंजळीत मावेल असा. सुईण राहीबाई म्हणत होती, पोर गार पडत चालले आहे, शेगडी द्या, शेक द्या, नाहीतर माझ्या हातात काही नाही. पेट्यांमागून पेट्या रिकाम्या झाल्या, एक काडी पेटली नाही. चकमक झाडली, कापूस ओला. आईसाहेबांनी नवऱ्याकडे पाहिले, ते मान फिरवून उभे राहिले. तेव्हा त्या कुणाला न विचारता मागच्या दाराने निघाल्या.

"ठकूबाई," त्या म्हणाल्या, "मी कुठल्या तोंडानं मागू? तरी मागते."

ठकूबाईचा हात राखेवर होता आणि राखेखाली तो लिंबाएवढा निखारा. तिच्या मनात काय झाले ते तिचे तिलाच ठाऊक. विस्तव विझू देऊ नकोस, हेही महाराजांचे बोल. मागेल त्याला नाही म्हणू नकोस, हेही महाराजांचेच. नऊ वर्षांत हे दोन बोल एकमेकांच्या आड कधी आले नव्हते. निखारा एक, त्याचे दोन करावेत तर दोन्ही मरतील. द्यावा तर भट्टी विझते. न द्यावा तर पोर जाते. आणि द्यायचा कुणाला, तर ज्याने भर देवळात तिची राख केली त्याला! हे तिला आठवले नाही असे मी म्हणणार नाही. चांगले आठवले.

मग तिने निखारा राखेतून उचलला. मोठ्या मडक्याच्या तळाशी कोरडी राख, त्यावर पोटाशी धरलेल्या गोवरीचा चुरा, त्यात निखारा, वरून खापर. "तुमच्या हातून वाटंत विझंल, आईसाहेब. ह्याची सवय लागती," म्हणाली आणि मडके पदराखाली घेऊन स्वतःच निघाली. निघताना भट्टीकडे पाहिले नाही. पाहिले असते तर पाय उचलला नसता.

वाटेला गुडघा गुडघा चिखल, वर धो धो पाऊस. ठकूबाई मडक्यावर ओणवी होऊन चालत होती. दर दहा पावलांवर खापर किंचित सरकवायचे, हलकी फुंकर मारायची, पुन्हा झाकायचे. घसरून एकदा पडली, पण मडके वर धरून पडली. कोपर फुटले ते तिला घरी गेल्यावर कळले.

मोकाशी ओसरीवर उभे होते. ठकूबाई त्यांच्या अंगावरूनच आत गेली. बाळंतिणीच्या खोलीत मडके उघडले तेव्हा निखारा हरभऱ्याएवढा उरला होता. गोवरीच्या चुऱ्याला वाटेत ओल धरली होती.

"घरात कोरडं काय हाय?" तिने विचारले. लाकूड ओले, कापूस ओला, अंथरुणे सर्द. ठकूबाईचा आवाज चढला, मोकाशींच्या घरात आजवर कुणाचा चढला नव्हता तसा. "कोरडं बघा कायतरी, बघत काय ऱ्हायलात!"

मागोमाग दाराशी आलेले मोकाशी झटक्याने वळले. त्यांच्या खोलीत तांब्याच्या झाकणबंद डब्यात कापराच्या वड्यांबरोबर त्यांचे सणाचे पागोटे असे. तो डबा त्यांनी उघडला, पागोटे काढले आणि दातांनी जरीचा काठ तोडून टराटरा फाडले. कापराच्या वासाचे ते कोरडेठाक सूत त्यांनी ठकूबाईपुढे टाकले. मग ओसरीवर जाऊन कुऱ्हाडीने झोपाळ्याची फळी फोडायला लागले. पिढीजात सागवान, वरून भिजले तरी आत कोरडे होते.

ठकूबाईने सुतात निखारा ठेवला आणि फुंकर मारली. निखाऱ्यावर राखाडी चढली. पुन्हा फुंकर मारली. निखारा काळा पडला. राहीबाईने पोराच्या छातीला कान लावला आणि हळूच म्हणाली, आटप बाई. ठकूबाईने तो काळा कोळसा ओंजळीत धरला, तोंडाशी नेला आणि डोळे मिटले.

"म्हाराज, भट्टी गेली तर गेली," ती म्हणाली. "नेम मोडला, पाप माझ्या माथी. पण मागायला आल्याली बाई रिकामी जाऊ देऊ नगा."

आणि फुंकर मारली. भाविकहो, त्या खोलीत चार बायका होत्या, चौघींनी पाहिले. कोळशाच्या पोटात मोहरीएवढा लाल ठिपका उमटला, वाढला, सुताला लागला आणि जाळ वर आला. कापराने भडका घेतला. सागाच्या ढलप्या शेगडीत पडल्या. घटका दीड घटका राहीबाई पोराला शेकत होती, तेल चोळत होती, आणि मग त्या एवढ्याशा जिवाने मुठी वळून असा टाहो फोडला, की ओसरीवर मोकाशींच्या हातातून कुऱ्हाड गळून पडली.

आईसाहेबांनी ठकूबाईला मिठी मारली, थांब म्हणाल्या, अंग पुस, कोरडे नेस. इथला थोडा विस्तव घेऊन जा, असेही म्हणाल्या. पण शेगडीतला एक निखारा काढायला ठकूबाईचे मन होईना. पोराला दिलेला शेक परत कसा न्यायचा? ती तशीच निघाली. आनंद झाला होता आणि रडूही येत होते. पोर वाचले, फार बरे झाले. पण घरी भट्टी गार पडली असणार, नऊ वर्षांत पहिल्यांदा. आधी ती गार राख डोळ्यांनी बघायची, मग ओवरीत जाऊन महाराजांना सांगायचे की नेम मोडला, असे ठरवून ती वेशीपाशी आली.

दुरून तिला धूर दिसला. आधी वाटले धुके आहे. जवळ आली तर तडतड, तडतड असा आवाज. पडवीत पाऊल टाकले आणि ती दाराच्या मेढीला धरून उभी राहिली. भट्टी धडधडून पेटलेली! खापरातली वाळू तापून लाल, मडक्यात ओलवून ठेवलेली तिची ज्वारी खापरात पडलेली आणि लाह्या मोगऱ्याच्या कळ्यांसारख्या फुटून बाहेर उडत होत्या. निम्मे सूप भरले होते. चिखल झालेल्या दोन पोत्यांतले भुसकट भट्टीच्या तोंडाशी कोरडे खडखडीत. आणि भट्टीच्या कडेला, धग लागेल असे, एक ओले गोणपाट वाळत घातलेले.

ठकूबाईने गोणपाट उचलले, पदराने सूप झाकले आणि पावसात पळत ओवरी गाठली. महाराज कोपऱ्यात उघड्या अंगाने बसले होते. जवळ दगडू गुरव होता, तो सकाळपासून हलला नव्हता. त्याने सांगितले, महाराज इथून उठलेही नाहीत, पण गोणपाट कधी दिसेनासे झाले ते त्याला कळले नाही. गारठ्याने महाराजांना हुडहुडी भरलेली पाहून त्याने दोनदा विचारले, तर वाळत घातलंय, एवढेच उत्तर मिळाले.

गोणपाट महाराजांच्या अंगावर घालून ठकूबाईने पायांवर डोके ठेवले. "म्हाराज, मी भट्टी सोडून गेले हुते. मी नेम मोडला."

"मोडला कुठं? एक बोल तू सांभाळलास, दुसरा राहिला होता तो आम्ही सांभाळला." मग महाराज जरा लटक्या रागाने म्हणाले, "आणि नऊ वर्षं चवथ धरतेस आमच्या नावानं, कधी सांगितलंस? बहिणीची भट्टी भावानं घटकाभर राखली तर एवढं काय झालं? लाह्या आणल्यास का नाही?"

तेव्हा ठकूबाई जशी रडली, तशी नवरा गेला तेव्हाही रडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पंचमीला पाऊस उघडला. चिखलातून चालत मोकाशी ओवरीत आले. त्यांना असे कुणी कधी पाहिले नव्हते. डोके उघडे, केस विस्कटलेले, हातात गोवरीचा तुकडा. सारा गाव नागोबाला आला होता, तो बघत राहिला. त्यांनी महाराजांपुढे अंग टाकले आणि म्हणाले, माझ्या तोंडाला काळे लागले, मला पदरात घ्या.

महाराजांनी पाय मागे घेतले. कोनाड्यात हात घालून ती जळकी काडी काढली आणि मोकाशींच्या हातावर ठेवली. "ही पेटली का रे पुन्हा?"

"नाही महाराज."

"का नाही पेटली?"

मोकाशींनी काडी बोटांत फिरवून पाहिली आणि ते म्हणाले, "ती एकटीच जळून गेली. तिनं मागं काही ठेवलं नाही."

महाराजांचा चेहरा निवळला. त्यांनी वेशीकडे बोट केले. "मग इथं डोकं ठेवून काय उपयोग? तिथं जाऊन वाक. आमचा विस्तव तिथं असतो."

मोकाशी उठले. मागे सारा गाव. ठकूबाई आदल्या दिवशीच्या लाह्या पाखडत पडवीत बसली होती. मोकाशींना पाहून ती गडबडीने उभी राहिली, मालक तुम्ही कशाला आलात, मी आणून दिला असता, असे काहीतरी म्हणाली. मोकाशींनी मान हलवली. चिखलात दोन्ही गुडघे टेकले, हात टेकले आणि ते उघडे डोके भट्टीच्या तोंडाशी जमिनीला लावले. हातातली गोवरी त्यांनी पुढे सरकवली.

ठकूबाई त्यांच्या शेजारीच वाकली. भट्टीत हात घातला, त्यातल्या त्यात मोठा निखारा निवडला आणि त्यांनी मागायच्या आतच त्यांच्या गोवरीवर ठेवला. "नीट झाकून न्या," म्हणाली. "पोर कसं हाय?"

"झोपेत हसतंय," मोकाशी म्हणाले, आणि त्यांनी तिच्या पायांना हात लावला.

मोकाशींनी पुढे डोक्याला पागोटे कधी बांधले नाही. झोपाळ्याच्या कड्या तशाच लोंबत राहिल्या. आगपेट्या गावात पुन्हा आल्या, घरोघर झाल्या, त्यात वाईट काही नव्हते. पण नागचवथ आली की कवठसावळीत कुणी काडी ओढत नाही. त्या सकाळी ज्याने त्याने हातात गोवरी घ्यायची, वेशीपाशी जायचे, गुडघे टेकून मान खाली घालायची आणि विस्तव मागून आणायचा. पहिल्या गोवरीचा मान मोकाशींच्या घराला. ऐकणाऱ्यांनो, तुमच्याही राखेखाली एक निखारा राहो आणि कुणी मागायला आले तर तो देण्याचे बळ महाराज तुम्हाला देवोत.